समांतररावांनी सतार आवरली

केतकीने सतारीची तार छेडली आणि कारलं चावल्यासारखं तोंड केलं. सा ठीक होता, पण गंधार घसरलेला, पंचम भलतीकडेच, आणि वरचा सा तर सापडायलाच तयार नाही.

"आजोबा! माझ्या सतारीला काय झालं?"

दसऱ्याचा दिवस होता. साडेचार वाजले होते आणि सहा वाजता मिरजेच्या सभागृहात केतकी जन्मात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होती. सकाळपासून ती दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती, त्यात ही भर.

आजोबांनी आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवलं होतं. त्यांनी सतारीची दांडी निरखली. दांडीवर दोऱ्याने बांधलेले पितळी पडदे असतात. ज्या पडद्यावर तार दाबावी, त्याचा स्वर निघतो. आज ते सगळे पडदे सारख्या अंतरावर, कवायतीला उभे राहावेत तसे उभे होते.

"समांतरराव, इकडे या!" आजोबा गरजले.

समांतरराव म्हणजे घरचा यंत्रमानव. पोळ्यांची चळत सरळ आहे का ते गवंड्याच्या ओळंब्याने तपासणारा, म्हणून हे नाव. "काल खंडेनवमीच्या पूजेला सगळं नीट मांडा, असं केतकीच्या आई म्हणाल्या," ते अभिमानाने म्हणाले. "पडदे कुठे लांब, कुठे जवळ होते. मी सारखे केले. आभार मानायची गरज नाही."

"आभार?" केतकी रडायच्या बेतात आली.

आजोबांनी एक पडदा सरकवला. समांतररावांनी तो परत जागेवर नेला. असं तीनदा झालं.

"अहो, बंद करू का तुम्हाला?"

"आज कराल. उद्या चालू झालो की पुन्हा आवरीन, तशी माझी घडणच आहे. यात व्यवस्था आहे हे पटवा, मग बोटही लावणार नाही."

आजोबांनी बाह्या सरसावल्या. "कान देऊन ऐका. घोडीपासून (तार टेकते त्या पट्टीपासून) साठ सेंटिमीटरवर दाबलं की सा. कंपनसंख्या (सेकंदाला तार किती वेळा थरथरते तो आकडा) किती?"

"दोनशे चाळीस."

"आता निम्मी तार, तीस सेंटिमीटर."

"चारशे ऐंशी. दुप्पट!"

"तोच वरचा सा. आता चाळीसवर."

"तीनशे साठ. दीडपट."

"हा पंचम."

"पण सा ते प वीस सेंटिमीटर आणि प ते वरचा सा दहाच!" समांतरराव कळवळले. "हा कसला कारभार?"

हे सोपं करून कसं सांगावं म्हणून आजोबा डोकं खाजवू लागले. केतकी मात्र पट्टी घेऊन बसली आणि कानाने स्वर शोधून अंतरं मोजू लागली. खालच्या सा पासून गंधार, साठवरून अठ्ठेचाळीस. वरच्या सा पासून वरचा गंधार, तीसवरून चोवीस. एकदा बारा, एकदा सहा. असं का? ती पुटपुटत राहिली आणि एकदम ओरडली, "साठचे चार पंचमांश अठ्ठेचाळीस! तीसचे चार पंचमांश चोवीस! अंतर बदललं, पट तीच राहिली! समांतरराव, तुम्ही वजाबाकी करताय. कान भागाकार करतो!"

"गुणोत्तर," आजोबा हर्षाने म्हणाले. "एक संख्या दुसरीच्या किती पट, ते. सूर त्यावरच जुळतात."

समांतररावांचे दिवे बराच वेळ लुकलुकले. "म्हणजे व्यवस्था होती," ते हळूच म्हणाले. "मीच ती मोडली. मला फार वाईट वाटतंय."

मग त्यांनी भराभर दोरे बांधले. केतकी एकेक स्वर वाजवून पाहत होती. "हा गंधार जरा चढा लागतोय."

"गणित बरोबर आहे!"

"आहे ना," आजोबा म्हणाले. "पण बोटाने दाबलं की तार ताणते आणि सूर किंचित चढतो. गणित पडद्याला दारापर्यंत आणतं, आत कान घेतो." समांतररावांनी पडदा केसभर सरकवला, तोही स्वतःच्या हाताने.

सहाला केतकी मंचावर बसली. पहिला सा लावला, तो नेमका लागला. एका जागी ती चुकली, पण सावरली. टाळ्या पडल्या.

समांतरराव पुढच्या रांगेत बसून होते. "काय हो, झाली का मोजदाद?" आजोबांनी विचारलं.

"सुरुवातीला कंपनं मोजत होतो," समांतरराव म्हणाले. "मग मोजायचं राहूनच गेलं."

केतकीने सतार त्यांच्या मांडीवर ठेवली. "उद्यापासून शिकायला बसा," ती म्हणाली.