पन्हळीतली कांबळी

मुकादमाला त्या दिवशी हवं होतं फक्त जाडंभरडं कापड. नदीचा गाळ पाण्याबरोबर लाकडी पन्हळीतून सोडायचा, माती वाहून जाते आणि सोन्याचे कण तळाशी अंथरलेल्या कापडात अडकतात. पण गोणपाटांच्या पार चिंध्या झाल्या होत्या आणि ठेकेदाराची बोलणी ऐकून त्याचे कान किटले होते. म्हणून धाकट्या भावाला घेऊन तो टेकडीवरच्या वस्तीत गेला.

वस्ती रिकामी होती. रानातली ती माणसं आजा-पणजापासून तिथली. कोर्टानंही जमीन त्यांचीच म्हटलेली. पण जमिनीखाली सोनं निघालं, मग कुठलं कोर्ट आणि कसलं काय! मागच्या आठवड्यात ठेकेदाराचे बंदूकवाले वर गेले. गोळ्यांचे आवाज खाली सगळ्यांनी ऐकले आणि सगळ्यांनी मुकाट जेवणं उरकली. मुकादमानंही. आपण काही चाप ओढला नाही, असं तो मनाशी घोकायचा. आईनं धाकट्याला त्याच्या ओटीत घातलं होतं. त्याला धडधाकट घरी न्यायचं, बाकीचं जग गेलं खड्ड्यात.

जळक्या झोपड्यांत कांबळी सापडली. जाड, लोकरीची, कडेला लांब मोकळ्या दशा. दोघांनी ती पाठीवर वाहून आणली. त्यातलं एक धाकट्यानं स्वतःला ठेवून घेतलं, तर मुकादम हसून म्हणाला, घे बाबा, मिरव नवरदेवासारखा.

कांबळी अंथरल्यावर पन्हळीत सोनं असं चिकटलं की ठेकेदारानं पहिल्यांदाच त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं. मुकादम धुतलेली कांबळी दोरीवर टाकत होता. स्वयंपाकाची मावशी पाणी न्यायला आली आणि तिथंच थबकली. ती मूळची त्याच रानातली, लग्न होऊन खाली आलेली. खालच्या आवाजात तिनं सांगितलं, की तिच्या माणसांत मूल जन्मलं की त्याच्यासाठी कांबळं विणतात आणि ते जन्मभर पुरतं. जिवंतपणी दशा मोकळ्या ठेवायच्या. माणूस गेलं की घरचं कुणीतरी त्यांना एकेक गाठ मारतं आणि त्यातच गुंडाळून पुरतं. वरच्यांना तर बंदूकवाल्यांनी नुसतं खड्ड्यात लोटलं. गाठी मारायला मागं उरलंच कोण?

"मग या... कुणी बांधल्या?" मावशी म्हणाली.

मुकादमानं नीट पाहिलं. दोरीवरच्या एकूण एक कांबळ्याच्या दशांना गाठी होत्या. काल तिथं एकही नव्हती.

तो खोपटाकडे धावत सुटला. आत ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास कोंडला होता. धाकटा कांबळ्याखाली तापानं थडथड उडत होता. अर्ध्या दशांना गाठी पडल्या होत्या, आणि मुकादमाच्या डोळ्यांदेखत पुढची दशी हळूच हलली, वळली, आवळली गेली. त्यानं कांबळं ओढलं, तर धाकट्यानं दोन्ही मुठींनी धरून ठेवलं.

"नको, दादा... त्याला थंडी वाजेल."

"कुणाला?"

"हा... शेजारी निजलाय ना."

शेजारी कुणी नव्हतं. पण कांबळं तिथं माणसाएवढं फुगलेलं होतं आणि सावकाश वरखाली होत होतं.

मुकादमानं सगळा जोर लावून ते हिसकलं आणि ऊर फुटेस्तोवर टेकडी चढला. खड्ड्यावरच्या ताज्या मातीवर त्यानं ते अंथरलं, हात जोडले. ज्याचं त्यानं घ्या, पण माझं पोर सोडा, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

खाली आला तर धाकटा खोपटाच्या दारात बसलेला. ताप उतरलेला, तोंडावर तुकतुकी, समोरचं ताट चाटूनपुसून साफ. मुकादमाला रडूच कोसळलं. त्याला जवळ घेऊन तो म्हणाला, की चुलीत गेली ही नोकरी, आत्ताच्या आत्ता घरी जायचं.

धाकटा लगेच उठला.

"चल," तो म्हणाला. "आई वाट बघत असेल."

घरचा रस्ता डावीकडे, नदीच्या कडेनं. धाकटा उजवीकडे वळला आणि टेकडी चढू लागला, रोजची पायवाट असल्यासारखा. मुकादमानं नावानं हाका मारल्या. त्यानं वळून पाहिलं नाही. वर धुक्यात, जळक्या वस्तीत, कुणाची तरी चूल पेटली होती.