उसना श्वास

पूर्वी पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असायचा. नवा कायदा आला आणि तो मालकाच्या गळ्यात पडला. कोल्हापुरात यावर विनोद करून लोक दमले. पण पग जातीचं कुत्रं पाळणाऱ्याला वर्षातून एकदा जनावरांच्या दवाखान्यात जाऊन पाच मिनिटं तो घालावाच लागतो. नाही घातला तर कुत्रं सरकारजमा.

कायद्याला कारणही तसंच होतं. पगचं तोंड चपटं, डोळे बटबटीत, झोपला की घोरतो. लोकांना ते घोरणं फार गोड वाटतं. खरं तर तेव्हा त्याचा जीव गुदमरत असतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या कुत्र्याचं नाक आखूड केलं, पण आतली टाळू आणि जीभ होती तेवढीच राहिली. मोठ्या घरातलं सामान एका खोलीत कोंबावं तशी ती घशात दाटून बसली. डॉक्टर हे सांगून सांगून थकले. दुसऱ्याचं दुखणं नुसतं ऐकून कुणाला कळलंय?

म्हणून हे यंत्र निघालं. कुत्र्याच्या छातीवर एक चकती चिकटवतात. श्वासाला किती जोर लागतो, हवा किती कमी पडते, ते चकती टिपते आणि मालकाच्या गळ्यातला पट्टा मानेच्या नसेतून तेच त्याच्या मेंदूला कळवतो. मालकाला हवा पुरेशी मिळत असते, फक्त ती कमी पडल्याची जाणीव होते. शास्त्रज्ञांनी याला ‘उसना श्वास’ म्हटलं.

मल्हार सरनोबत बुंदी नावाच्या आपल्या पगला घेऊन डॉ. नाझनीन मुजावर यांच्याकडे आला. हे यंत्र घडवणाऱ्यांपैकी त्या एक. बरोबर मल्हारची आई हेमांगी होती, कारण दिवसभर बुंदीला तीच सांभाळायची, आणि सांभाळणाऱ्यालाही पट्टा चुकत नाही.

“एवढंसं कुत्रं, त्याला काय होणार?” म्हणत मल्हारने पट्टा चढवला. थोड्याच वेळात त्याने खुर्चीचे हात गच्च धरले. कपाळाला घाम फुटला. दुसऱ्या मिनिटाला त्याने पट्टा ओरबाडून काढला आणि बुंदीला छातीशी धरून चक्क रडू लागला.

“ही रोज अशी जगतेय? आणि मी हिच्या घोरण्याचे व्हिडिओ टाकत होतो!”

“टाळूचा वाढीव भाग कापून नाकपुड्या मोकळ्या करता येतात.”

“आजच करा डॉक्टर. मी रजा टाकतो.”

मनाने वाईट नव्हता तो. खरं वाईट तेच आहे.

मग हेमांगीची पाळी आली. पट्टा लावून ती शांतपणे बुंदीचे कान खाजवत बसली.

“काकू, काय वाटतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“चालू केलंय का?”

डॉक्टरांनी चकती बदलली, मग पट्टा स्वतःच्या गळ्यात घालून पाहिला आणि लगेच काढला. यंत्र ठणठणीत होतं.

“बिघडलंय काय?” मल्हारने विचारलं.

“नाही. हा पट्टा घालणाऱ्याची जाणीव कुत्र्याच्या पातळीला आणतो. दोघांच्या श्वासात जेवढा फरक, तेवढंच जाणवतं.”

“मग आईला का नाही जाणवलं?”

“कारण फरक नाहीये.” डॉक्टर हेमांगीकडे वळल्या. “काकू, असं कधीपासून होतंय?”

“असं म्हणजे? श्वास असाच असतो की. जिना चढलं की सगळ्यांनाच बसावं लागतं.”

सगळं जग असाच श्वास घेतं, असं ती धरून चालली होती. डॉक्टर मल्हारकडे वळल्या.

“यांची फुप्फुसं याच आठवड्यात तपासून घ्या, मल्हारराव.”

“घेऊ की. दिवाळी झाली की बघू. वय झालंय, एवढं तेवढं चालायचंच.”

डॉक्टरांनी बुंदीच्या छातीवरची चकती काढली आणि पट्टा त्याच्यापुढे धरला. “ही आईंना लावते. दोनच मिनिटं त्यांचा श्वास घेऊन बघा.”

मल्हार मागे सरकला. “ते मुक्या जनावरांसाठी आहे ना? कायद्यात तसंच लिहिलंय.”

लिहिलं होतंच. माणसाला तोंड आहे, दुखलं तर तो सांगेल, म्हणून माणसाला कायद्यातून वगळलं होतं. वगळणाऱ्या समितीत डॉ. नाझनीन स्वतः होत्या, आणि तेव्हा त्यांना ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. आता त्यांना मल्हारचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“आत्ता कुत्रीसाठी रडत होता की तुम्ही! मग घाबरताय कशाला?”

मल्हारने पट्ट्याला हात लावला नाही. एकदा कळल्यावर कळलं नाही असं म्हणता येत नाही, हे तो नुकताच शिकला होता. तो आईकडे वळला.

“आई, तुला काही त्रास होतोय का गं?”

हेमांगीने लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला कोणतं उत्तर हवंय, ते तिला कुठल्याही यंत्राशिवाय कळत होतं.

“नाही रे. मला काय धाड भरलीय? तू बुंदीचं बघ.”

“बघा डॉक्टर,” मल्हार म्हणाला, “विचारलं की मी.”