पंखाच्या दांड्याचं लाकूड

"सागवान नको," असं म्हणणारं गिऱ्हाईक इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या वखारीत पहिल्यांदाच आलं होतं.

"मग काय पायजे?"

"हलकं... पण चिवट. रेषा सरळ. गाठ एकबी नको."

"लाकूड बघताय का स्थळ?" मी विचारलं. तो लाजला — इतका, की मलाच कसंतरी झालं.

गोकुळ त्याचं नाव. गाव कळंब, बारामती एमआयडीसीत फिटर. गावाकडच्या रिकाम्या गोठ्यात तो एकट्यापुरतं लाकडी विमान बांधत होता. पंखातल्या मुख्य दांड्यासाठी त्याला परदेशी पाइनची फळी हवी होती. उडताना सगळा भार त्या दांड्यावर, म्हणून इथं चूक चालणार नव्हती.

लाकूड पारखायला मला माझ्या वडलांनी, आबांनी शिकवलंय. मी फळीवर शाईचा थेंब सोडायचे. शाई सरळ धावली तर ठीक, तिरकी गेली की फळी बाद. पाच रविवार आम्ही डोक्याला डोकं लावून थेंब बघत बसलो. त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास यायचा... आणि मला तो आवडायला लागला, काय सांगू!

मग मी लबाडी केली. दोन फळ्या अगदी निर्दोष निघाल्या, तरी म्हटलं, "रेषा फिरलीय." फळी मिळाल्यावर हा माणूस परत कशाला येतोय?

सहाव्या रविवारी त्यानं स्वतःच एक फळी काढली. शाई सरळ धावली. तो खूश. मी फळी उन्हात तिरकी धरली. रेषांना आडवी, केसाएवढी एक सुरकुती होती. झाड वादळात वाकलं की आत अशी मोड बसते. भार आला की लाकूड तिथंच तुटतं.

"ही न्हाय," मी म्हटलं.

"परत तेच, निकिता?" तो हसला. "आज मी नेणारच." त्यानं फळी खांद्यावर घेतलीसुद्धा.

दोनदा खोटं बोलले होते, आता खरं कोण ऐकणार? आणि हीच फळी घेऊन तो आभाळात जाणार होता.

"थांबा! आधीच्या दोन चांगल्या हुत्या. मीच खोटं बोलले... तुमी परत यावं म्हणून. पण ही खरंच वाईट हाय वो!" माझे कान तापले होते.

त्यानं फळी खाली ठेवली. मी सुरकुतीजवळची बोटभर जाडीची पट्टी कापून वाकवली. कट्! बिस्किटासारखी तुटली.

त्यानं दोन्ही तुकडे उचलून जुळवून पाहिले.

"त्या दोन चांगल्या हुत्या, ते म्हाईत हुतं मला," तो हळूच म्हणाला. "शाई मलाबी दिसती की."

"मग नेल्या का न्हाईत?"

"नेल्या असत्या तर परत कशाला आलो असतो?" तो मान खाली घालून म्हणाला. "पण आज ठरवून आलो हुतो, फळी न्यायचीच. लाकडाचं निमित्त संपल्यावर तुमी बोलावताय का... ते बघायचं हुतं."

मी आत गेले. त्या दोन फळ्या मी कुणाला विकू दिल्या नव्हत्या. त्या आणून त्याच्या हातात दिल्या.

"ह्या न्या," मी म्हटलं. "आन् पुढच्या रविवारी घरी या. आबा असत्यात. येताना आईला संगं घेऊन या."