एकास पन्नास

"हलू नकोस गं तुंगे, श्वास धर."

हा माझ्या भावाचा, हयग्रीवचा, आवाज. ऐकून सव्वीस वर्षं झाली, पण कॅमेऱ्याचं बटण दाबताना तो अजून कानापाशी येतो, आणि माझा श्वास आपोआप थांबतो. तेव्हा मी चौदाची होते, तो एकवीसचा. चामराजपुरमच्या आमच्या घरात सगळ्यांचे फोटो आहेत, दूधवाल्याच्या म्हशीचासुद्धा. त्याचा मात्र मिसरूड फुटल्यानंतरचा एकही नाही. कॅमेरा सदा त्याच्याच हातात असायचा, मग त्याचा फोटो कोण काढणार?

अडुसष्ट साली तो एकटाच तलकाडला, नदीकाठच्या वाळूच्या टेकड्या पाहायला गेला आणि कावेरीनं त्याला ठेवून घेतलं. अम्मा त्या दिवशी नंजनगूडला नवस फेडायला गेली होती. गावकऱ्यांनी कॅमेरा घरी आणून दिला. आत बारा फोटोंचा रोल होता. अम्मानं तो धुवू दिला नाही. गुंडाळून तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवला.

यंदा तिचा एक डोळा गेला. दुसराही संक्रांतीपर्यंतच, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी तिनं आपण होऊन डबा उपसला.

"दिसतंय तोवर दाखव मला. कुणाच्या तरी हाती कॅमेरा देऊन एखादा काढून घेतला असेल त्यानं. एक तरी."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रोल एकदाच धुता येतो, हे मला कुणी सांगायला नको. लष्कर मोहल्ल्यात रणोजीरावांचं फोटोच्या सामानाचं दुकान आहे. सत्तरीचे गृहस्थ. हयग्रीवही त्यांच्याकडूनच सामान घ्यायचा.

"पुडीचं डेव्हलपर नको, तुंगक्का. तुम्ही वर्षाला चार रोल धुणार. पुडी एकदा कालवली की अर्धी बाटली रिकामी, आत हवा, आयतु, संपलं! दोन महिन्यांत मेली." त्यांनी एक लहान काळी बाटली पुढं सरकवली. "हे घ्या. दाट आहे. एकास पन्नास पाणी. एका रोलला दहा मिली घ्या, वापरा, ओतून टाका. बाटलीतलं काळं पडत जाईल, आमच्या घरच्या कॉफीच्या डिकॉक्शनसारखं. घाबरायचं नाही. वर्षानुवर्षं टिकतं."

"डिकॉक्शन?"

"ते पण, ते करणारी पण. दोन्ही कडू, दोन्ही टिकाऊ." ते हसले. मग हळू म्हणाले, "जुना रोल आधी नको हां. नवे दोन-तीन धुऊन हात बसवा."

रविवारी दुपारी मी अम्माला परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली बसवलं आणि नवा रोल संपवला.

"साकु, पुरे गं आता, मान अवघडली," ती कुरकुरली.

कोठीच्या दाराला गोधडी लावून अंधारात फिल्म धुवायच्या लहान टाकीत भरली, आणि न्हाणीघरात ती टाकी मिनिटामिनिटाला उलटी-सुलटी करत राहिले. निगेटिव्ह सुरेख आले. काचेखाली ठेवून त्यांचे कागदावर फोटो उतरवले. अम्माच्या लुगड्याचा काठसुद्धा मोजून घ्यावा असा. फक्त शेवटच्या तीन फोटोंत तिच्या पायांभोवती काहीतरी पांढरं सांडलेलं दिसत होतं. टाकी नीट हलवली नसेल, असं मी वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या रोलला पाणी गाळून घेतलं, तापमान दोनदा पाहिलं. या वेळी पांढरं बाराही फोटोंत होतं. भिंग लावलं. वाळू. वाऱ्यानं तिच्यावर बारीक लाटा उमटवलेल्या. अम्माचे घोटे आत बुडालेले. मी परसात जाऊन पाहिलं. शेणानं सारवलेली जमीन, वर कढीपत्त्याची चार सुकी पानं.

"काय दिसतं गं?" अम्मानं विचारलं.

"तूच."

"आणखी?"

"काही नाही."

तिनं हळूच पाय उचलून खुर्चीवर घेतले.

तिसऱ्या रोलला नवी बाटली आणली. वाळू अम्माच्या गुडघ्यांवर आली.

मग मी शिकवते तसंच केलं. त्याच खुर्चीत, त्याच उन्हात चौथा रोल काढला आणि तो पुडीच्या ताज्या डेव्हलपरमध्ये धुतला. फोटो स्वच्छ. खुर्ची, झाड, अम्मा.

ठरलं तर मग. जुना रोल पुडीत धुवायचा. तरी सावधपणे अंधारात त्याचा पहिला, तीन फोटोंएवढा तुकडा कापून घेतला आणि तेवढाच धुऊन पाहिला. सगळा राखेसारखा करडा. एक रेघसुद्धा नाही.

रणोजीरावांनी तो तुकडा उजेडात धरला. मग तिसऱ्या रोलचे फोटो पाहिले. भिंग खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"पुडीनं यातलं काही उठायचं नाही. उठलं तर त्या दाट औषधानंच."

"मग?"

"नोडी, हे बघा, मी दुकानदार माणूस. विकायचं माझं काम." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "पण हा नका धुवू, तुंगक्का. अम्मांना म्हणावं, खराब झाला."

घरी आले तेव्हा अम्मा ओसरीवर बसून स्वतःशीच गुणगुणत होती. जात्यावरची जुनी चाल, शब्द मात्र तिचे:

काळ्या गं पाण्यातून, बाळ माझं येऊ दे
डोळ्यांत दिवा आहे, तोवर गं पाहू दे

हे ऐकून 'खराब झाला' म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता दहा मिली मोजलं. पाचशे मिली पाणी. टाकी उलटी, सुलटी. दर वेळी आत पाण्याचा आवाज यायचा. पण सातव्या मिनिटाला टाकी मी कट्ट्यावर ठेवलेली होती, आणि आवाज चालूच होता.

अम्मा न्हाणीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती.

फिल्म वाळली. उरलेल्या नऊपैकी आठ चौकटी कोऱ्या होत्या.

शेवटच्या चौकटीत तो होता.

मी तो फोटो कागदावर उतरवला.

नदीकाठची ओली वाळू. हयग्रीव छातीपर्यंत आत. केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं, नजर थेट माझ्याकडं. एक हात पुढं केलेला. आणि चौकटीच्या खालच्या कडेकडून आत आलेलं बाईचं मनगट. त्यानं ते घट्ट धरलेलं. बोटांची पेरं पांढरी पडलेली.

मनगटात पाटली होती. तिच्या कडेला पडलेला पोचा मला ओळखू आला.

अम्मा समोर बसली. फोटो डोळ्यापाशी नेला, उजेडाकडं वळवला, पुन्हा जवळ आणला. तिचा डोळा त्यावर फिरत राहिला, पण थांबला कुठंच नाही. उशीर झाला होता.

"मला नुसता धूर दिसतो गं. आहे का तो?"

"आहे."

"चेहरा?"

"स्वच्छ आलाय, अम्मा."

"कसा दिसतो?"

मी फोटो तिच्या हातून काढून घेतला.

"हसतोय," मी म्हटलं.

परसात कावळा ओरडला, थांबला. अम्मा बराच वेळ आपलं उजवं मनगट चोळत राहिली.

"नाही गं," ती म्हणाली. "हसत नव्हता तो."

मी फोटो पालथा ठेवला.

"नंजनगूडला नव्हते गेले मी. त्याच्यासंगं होते. चपळ होता, पुढं पळाला, आणि खाली गेला. मी हात दिला, त्यानं मनगट धरलं. वाळू माझ्या घोट्याला आली. गुडघ्याला आली. आसपास माणूस नव्हतं, तुंगे. कॅमेरा लांब, काठावर, पिशवीत होता."

तिनं मनगट चोळायचं थांबवलं.

"कमरेला आली, तेव्हा मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून."