मापाचं पाणी

"वहिनी, बाप आहे तो माझा! घोटभर पाण्यासाठी तो तुझ्या तोंडाकडे पाहून राहिला, अन् तू तांब्या उचलून आत नेऊन राहिली? काळीज आहे का दगड वं?"

नणंदेचे हे शब्द ऐकले आणि शामला तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबली. बाहेर चैत्राचं ऊन अंगण भाजून काढत होतं. खाटेवर तिचे सासरे चंपतराव कोरडे ओठ मिटून पडले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं, पण डोळे उघडायचं धैर्य त्यांना होत नव्हतं…

वच्छला पारशिवनीहून बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दोनदा कूस रिकामी झाल्यावर हे तिसरं, त्यामुळे सगळं घर तिला फुलासारखं जपत होतं. आणि आल्या दिवसापासून ती पाहत होती, बापाच्या ताटात अळणी वरण, भाजी आधी उकडून तिचं पाणी मोरीत, केळं नाही, टमाटं नाही. सकाळी एक तांब्या भरायचा आणि दिवसभर बापाला त्यातलंच पाणी, तेही मोजून!

"अन् माझ्या सासरच्या झाडांची संत्री आणली, तर टोपलीतली अर्धी तू शेजारीपाजारी वाटून टाकली!" वच्छलाचा आवाज रडवेला झाला. "आजारी माणसाले संत्रं न देणारं घर मी नागपुरात पहिल्यांदाच पाहून राहिली!"

खोटं काय होतं त्यात? ताप असो, पाय मोडलेला असो, नागपूरचा माणूस आजाऱ्याला भेटायला निघाला की हातातल्या पिशवीत संत्री असायचीच. ती दिल्याशिवाय भेटच पुरी होत नसे. त्यातून चंपतरावांची उभी हयात संत्र्याच्या अडतीवर गेलेली! त्यांनाच या सुनेनं संत्र्याची फोड वर्ज्य केली, म्हटल्यावर लोक बोलणार नाहीत तर काय करतील?

एका वाक्यात शामला सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती. पण ते वाक्यच तिला बोलायचं नव्हतं.

हिवाळ्यात धंतोलीच्या डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, मधुकररावांना, समोर बसवून सांगितलं होतं, की चंपतरावांची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत. मधुकरराव रेल्वेत गार्ड, आठवड्यातले निम्मे दिवस गाडीवर. तेव्हा ऐकायचं आणि करायचं ते शामलालाच होतं, आणि ती जिवाचा कान करून ऐकत राहिली. काय विलक्षण गोष्ट होती ती! माणूस लोणचं खातो, पाणी ढोसतो, उन्हातान्हात घाम गाळतो, आणि पाठीतली मुठीएवढी दोन मूत्रपिंडं जास्तीचं मीठ-पाणी बाहेर टाकतात, कमी पडलं तर राखून ठेवतात, रक्तातला एकेक क्षार जागच्या जागी ठेवतात… जन्मभर, न सांगता, न थकता! कुणी त्यांना कधी शाबासकी दिली? घरी येताना रिक्षात शामलानं स्वतःच्याच कमरेवर हात ठेवला होता, आणि तिचे डोळे भरून आले होते.

घरी आल्यावर चंपतरावांनी तिला शपथ घातली. "माय, वच्छीले यातलं काही कळू देऊ नको. तिचं बाळंतपण सुखरूप पार पडू दे, मग काय सांगायचं ते सांग. या वेळी तिनं धसका घेतला, तर मी मेल्यावरही सुटणार नाही गं…"

वच्छलाला बापाचा अशक्तपणा एवढंच सांगितलं होतं, आणि त्या शपथेपायी शामला नणंदेचे शब्द गिळत होती. वच्छलाच्या बोलण्यात द्वेष नव्हता, बापावरची वेडी माया होती, हे तिला पुरतं कळत होतं. म्हणूनच तिला उलट बोलवेना.

पण मायाच घात करून गेली. शामला धुण्याला बसली, दळणाला गेली, की वच्छला गुपचूप संत्री पिळून मोठा ग्लास भरायची आणि बापाच्या ओठांना लावायची. चंपतरावांना कळत नव्हतं असं नाही. पण जीव तहानेनं व्याकुळ झालेला, आणि समोर लेकीचा हात… नाही म्हणायला त्यांची जीभच रेटली नाही.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी औषधं घेऊन शामला परतली, तर घरभर संत्र्याच्या सालींचा वास! चंपतरावांना हात उचलवत नव्हता. तिनं नाडी धरली. ती फारच अंतराअंतरानं लागत होती.

"वच्छलाबाई, रस दिला तुम्ही?"

"दिला! अन् आणखी देईन! सख्खा बाप…" आणि मग बापाच्या चेहऱ्याकडे पाहून वच्छलानं त्यांचा हात घट्ट धरला. "वहिनी, बाबाले काय होऊन राहिलं वं?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. शेजाऱ्यांनी धावत जाऊन दोन सायकलरिक्षा आणल्या. एकीत सासऱ्यांना कवेत धरून शामला बसली, आणि मागच्या रिक्षात, सगळे नको नको म्हणत असताना, वच्छला.

धंतोलीच्या दवाखान्यात पोचताच शामलानं रस पोटात गेल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि भराभर इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. जरा उसंत मिळताच ते व्हरांड्यात आले. संतापानं त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"यांना संत्र्याचा रस कोणी दिला?"

वच्छला भिंतीला टेकून उभी होती. शामलानं तिच्याकडे एकदा पाहिलं, तिच्या अवघडलेल्या पोटाकडे पाहिलं, आणि ती पुढे झाली.

"मी दिला, डॉक्टरसाहेब. माझीच चूक झाली."

डॉक्टर उसळले.

"तुम्ही? शक्य नाही! अहो, संत्र्यात, केळ्यात, न उकडलेल्या भाजीत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. तुमच्याआमच्या अंगातून तो लघवीवाटे निघून जातो, यांच्या अंगात साठून थेट हृदय थांबवतो, हे मी तुम्हालाच शिकवलं ना? यांची मूत्रपिंडं जे काम करू शकत नाहीत, ते या बाई इतके महिने चुलीपाशी बसून स्वतःच्या हातांनी करताहेत, असं मी माझ्या नर्सेसना सांगतो! हा माणूस आजवर जगला तो तुमच्यामुळे. आणि तुम्ही रस द्याल?"

"मी दिला!" वच्छलाचा हंबरडा फुटला. "मी पापिणीनं दिला, डॉक्टर! वहिनी खोटं बोलून राहिली… मले वाचवाले खोटं बोलून राहिली!"

शामलानं धावत जाऊन तिला पोटाशी धरलं. जिला दगडाच्या काळजाची म्हटलं, तिच्याच खांद्यावर डोकं टेकून वच्छला ढसाढसा रडली…

दिवेलागणीपर्यंत नाडी ठिकाणावर आली. आजार जाणारा नव्हता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण या खेपेला चंपतराव वाचले होते. डोळे उघडले तेव्हा उशाशी लेक आणि सून दोघी होत्या.

"बाबा, वहिनीनं मले काहून नाही सांगितलं गा?"

"मीच शपथ घातली होती, बेटा." चंपतरावांचा आवाज अगदी क्षीण होता. "तू तिले निष्ठुर म्हणत होती, अन् मी भित्र्यासारखा डोळे मिटून पडलो होतो. पोरी, तुले एक गोष्ट दिसलीच नाही. माझं पाणी मोजून झालं, तेव्हापासून ही माझ्यासमोर पाणी पेत नाही. चुलीच्या धगीत घशाला कोरड पडते हिच्या, पण मले पाहून तहान लागू नये म्हणून ही माठाकडे जातच नाही… मी झोपलो का मग पेते. हिले वाटते का म्हाताऱ्याले कळत नाही!"

शामलाची मान खाली गेली. चोरी पकडल्यासारखी ती पदराशी चाळा करत राहिली.

अवघडल्या देहानं उठून वच्छलानं कोपऱ्यातल्या सुरईतून पेला भरला आणि शामलापुढे धरला. सकाळपासून शामलाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तरी तिचा हात पुढे होईना. तिनं भीतभीत सासऱ्यांकडे पाहिलं.

"पे माय," चंपतराव म्हणाले. "माझ्यासमोर पे."

पेला तोंडाला लावताच तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. ती घटाघट पाणी पीत राहिली, आणि चंपतराव तृप्त नजरेनं तिच्याकडे बघत राहिले. पेला रिकामा झाला.

"वच्छी," ते हलकेच म्हणाले, "आणखी दे तिले."