धाकट्याचं पान

रोज सकाळी दुकान उघडलं, की थोरला किल्लीवाला आधी आपल्या वेबसाइटवरची तारीख बदलायचा. बाकी मजकूर तीन वर्षांपूर्वीचाच. तरी कुणी कुलूप उघडून देणारा शोधला, की पहिलं नाव यायचं त्याच्या धाकट्या भावाचं. आणि धाकट्याला जाऊन चार महिने झाले होते!

"मेला तरी पुढेच!" थोरला जळफळायचा. लहानपणापासून हेच. काम शिकवलं यानं, कौतुक व्हायचं त्याचं.

शेवटी वेबसाइट बनवून देणाऱ्या बाईंना त्यानं फोन लावला.

"अहो दादा, नुसत्या तारखेला कोण भुलतंय? सर्च इंजिन मागच्या खेपेला पाहिलेलं पान आजच्याशी ताडून बघतं. मजकूर तोच दिसला, की फिरकणं कमी करतं. जिथे खरंच नवं काही असतं, तिथे सारखं येतं. तुमच्या भावाच्या पानावर बघा, रोज नवं काम टाकतात."

"रोज? कोण टाकतं?"

"मला वाटलं... तुम्हीच."

त्यानं भावजयीला विचारलं. ती म्हणाली, "कॉम्प्युटर मी तेव्हाच विकला, भाऊजी. पासवर्ड यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता."

दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता. थोरल्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चोरून करायचं काम, म्हणून त्यानं दुपारी दुकानाच्या दाराचं, दोन्ही बाजूंनी उघडणारं कुलूप आतून लावलं. या कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी धाकट्याच्या गळ्यातल्या साखळीत असायची, ती त्याच्याबरोबरच गेली.

धाकट्याच्या पानावर नुकतीच एक नोंद आली होती. थोरल्यानं ती वाचलीसुद्धा नाही. उचलली आणि आपल्या पानावर चिकटवली. मग दर थोड्या वेळानं स्वतःलाच शोधत बसला.

सहाला दहा कमी असताना तो पहिला आला.

"आलो की नाही!" त्यानं मांडीवर थाप मारली. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, पहिले आलात हो," बाईंचा आवाज बारीक झाला होता. "पण... हे काय लिहिलंय? वाचलंत का?"

त्यानं वाचलं.

'आज संध्याकाळी सहा. थोरल्याच्या दुकानाचं कुलूप. आपल्याच किल्लीनं उघडलं. थोरला आत होता.'

त्यानं घाईघाईनं ती नोंद पुसली. पान पुन्हा पहिल्यासारखं झालं. हायसं वाटून त्यानं पुन्हा शोधलं, तर पहिल्या नावाखाली त्याच ओळी तशाच. सर्च इंजिन येऊन, वाचून, घेऊन गेलं होतं. शेजारी लिहिलं होतं, 'एका मिनिटापूर्वी'.

दुकानात तेलाचा आणि पितळेच्या किसाचा वास दाटला. धाकट्याच्या बोटांना यायचा तसा.

बाहेरून कुलपात किल्ली शिरली. आधी अर्धी उलटी फिरली... मग सुलटी. अडकणारं कुलूप असंच उघडायचं, हे धाकट्याला थोरल्यानंच शिकवलं होतं.