बसल्यावर लागणारी नाडी

माणूस मेला आहे हे ठरवणं तसं कंटाळवाणं काम. नाडी बघायची, नळी लावून छाती निवांत ऐकायची, डोळ्यांत उजेड मारून बाहुल्या हलतात का पाहायचं, नाकाशी आरसा धरायचा. निजामाच्या राजवटीत आम्ही हैदराबादेत हेच शिकलो. दवाखान्यात याला 'तसदीक' म्हणत. मी तिच्यात कधी घाई करत नसे, कारण जिवंत माणूस मसणात धाडला जाईल ही धास्ती मला कायम असायची.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात होतो. वालूरचे दुकानदार ईश्वरअप्पा ऐन उन्हाळ्यात एका सकाळी तिथं वारले. बायको बसम्मा आणि धाकटा भाऊ मन्मथअप्पा जवळ होते. माझ्या सगळ्या खुणा जुळल्या, तरी मी म्हणालो, थोडं थांबू.

"थांबून कसं जमंल, डाक्टरसाहेब?" बसम्मा म्हणाली. "अंग ताठलं की बसवता येत न्हाई. आमच्यात आडवं पुरत न्हाईत."

ते मला ठाऊक होतं. त्यांच्यात मेलेल्याला मांडी घालून, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात. बाईचं म्हणणं रास्त होतं. मी मान हलवली. दोघांनी ईश्वरअप्पांना खाटेवर भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. खोलीत फिनाइलचा वास कोंडला होता. हात घसरू नये म्हणून मी मनगट धरलं, आणि नाडी लागली.

संथ, भरीव ठोके. तुम्ही म्हणाल, स्वतःच्याच बोटातले असतील. मलाही तेच वाटलं, म्हणून दुसऱ्या हातानं माझी नाडी बघितली. ती पळत होती. ही आपली रमतगमत चाललेली. छातीला नळी लावली, तिथं काहीच नाही. आडवं केलं, तर मनगटही गप्प. पुन्हा बसवलं... पुन्हा ठोके.

खरं सांगतो, मी घाबरलो. मेलेला म्हणावं तर नाडी, जिवंत म्हणावं तर छाती रिकामी. 'न्यायचं नाही' एवढंच म्हणालो आणि शेजारी स्टूल ओढून बसलो. दुपार गेली. अंग गार पडलं, जबडा आवळला, उघड्या डोळ्यांवर माशा बसू लागल्या. ठोके चालूच होते.

ऊन कललं तेव्हा मन्मथअप्पा दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, दिस बुडायच्या आत माती द्यावी लागंल. वैनीला काय सांगू?"

मी बसम्माला सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. खाटेवर नवऱ्याजवळ बसली आणि त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटून राहिली. मग तिनं हात झटकन मागं घेतला.

"हे ते न्हाईत," ती हळूच म्हणाली. "उमर गेली माझी तो हात धरून... हे दुसरंच कुनीतरी बसलंय."

ती खाटेवरून उठून बाजूला झाली.

"आडवं करा, भावजी," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता..."

मन्मथअप्पानं खांदे धरले, मी एका हातानं गुडघा ओढला. हलेना. अंग बसल्या जागी लाकूड झालं होतं. माझा दुसरा हात त्यांच्या मनगटावर होता. तिथले ठोके एकदम धावायला लागले.